अठ्ठेचाळिसावा छर्रा

लोखंडाचं काही अडलं की मुखरूकडे जायचं, हे चामोर्शीत सगळ्यांना ठाऊक होतं. एखाद्याला नसलं तर मुखरू स्वतःच सांगायचा. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, बैलगाडीच्या चाकाची धाव, सगळं त्याच्या ऐरणीवरून जायचं. जिवतीच्या अमावस्येला घरोघरच्या चौकटीत खिळा ठोकायचा मानही त्याचाच, आणि त्या दिवशी तो अशा ऐटीत हिंडायचा, जणू गाव त्याच्याच खिळ्यांवर उभं आहे. हाताला चव होती, कामात लबाडी नव्हती. पण मन फार कोतं. शेजारच्या गावच्या लोहाराने नवा भाता केला हे कानावर आलं तर हा दोन दिवस धड जेवत नसे.

त्याच्या मोठेपणावर कळस चढवला तो गुणवंतरावांच्या फटफटीने. गुणवंतराव लाकूड ठेकेदाराच्या टालाचे मॅनेजर. लढाई संपल्यावर नागपुरात फौजेच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा त्यांनी ती फटफटी घेतली आणि अठ्ठेचाळीस साली चामोर्शीत आणली. पहिल्याच महिन्यात पाय ठेवायचा दांडा दगडावर आपटून वाकला. मुखरूने तो तापवून सरळ करून दिला. त्या दिवशी हाताला लागलेलं काळं तेल त्याने जेवतानाही पुरतं धुतलं नाही. चार लोकांना दिसायला नको का? तेव्हापासून सहा वर्षं त्या फटफटीला मुखरूशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता, आणि लागू नये यासाठी तो डोळ्यांत तेल घालून जपत होता.

चोपन्न साली धानाची कापणी सुरू झाली आणि त्याच सुमारास त्याचा साळा पत्रू गावात कायमचा राहायला आला.

पत्रू आठ वर्षं कामठीला फौजेच्या वर्कशॉपात होता. येताना त्याने जाड कापडाची एक गुंडाळी आणली. ती उलगडली की नट खोलायचे पाने ओळीने झोपलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकाला आपला कप्पा. गावाने ती गुंडाळी देवळातली मूर्ती पाहावी तशी पाहिली. मुखरूने पाहिली नाही. तो त्या वेळी मुद्दाम भाता ओढत बसला आणि जरा जास्तच जोरात ओढत बसला.

खरं दुखणं घरात होतं. मनकर्णा, मुखरूची बायको, ही पत्रूची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला कडेवर वाढवलेलं. भाऊ आला त्या दिवशी वैनगंगेतली मरळ आणली होती. मनकर्णाने रस्सा केला, सवयीप्रमाणे तळहातावर एक थेंब घेऊन जिभेला लावला, मीठ पाहिलं आणि हसली. एवढं हसलेलं तिला मुखरूने दिवाळीतही पाहिलं नव्हतं. मधले जाड तुकडे पत्रूच्या ताटात गेले. मुखरूच्या ताटात शेपटी आली.

"खाऊन घ्या ना जी," मनकर्णा म्हणाली. "काऊन पाहून राह्यले?"

"काटे पाहून राह्यलो," मुखरू म्हणाला.

पत्रू बिचारा भाऊजींना मानणारा. "भाऊजी, तुमच्या हातची कुऱ्हाड कामठीलेबी नाई पाह्यली मी," असं तो मनापासून म्हणाला. मुखरूला त्यातही टोचलं. याला कुऱ्हाडीतलं काय कळतं? आणि कळत असेल तर आणखीच वाईट.

पंधरा दिवसांत फटफटीने घात केला. घोटच्या जंगलातून येताना गुणवंतरावांचं हँडल वळेचना. गाडी सरळ जात होती ती सरळच गेली, वळण मागे राहिलं आणि गुणवंतराव धानाच्या बांधीत जाऊन पडले. हाडं शाबूत राहिली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मुखरूला बोलावणं धाडलं, आणि मुखरू पोचला तर तिथे पत्रू आधीच हजर. इंजिनाखाली सागाचा ओंडका देऊन त्याने पुढचं चाक हवेत उचललं होतं. चाकाच्या दोन्ही बाजूंचा चिमटा धरून पुढे-मागे हलवला तर मानेत खटखट वाजलं. हँडल हळूच लोटलं तर बरोबर मध्ये येऊन खाचेत बसल्यासारखं अडकलं.

"वाट्या गेल्या, साहेब," पत्रू म्हणाला. "मानेत वर एक वाटी, खाली एक वाटी, अन् दोन्हीत पोलादाचे बारके छर्रे. वाटीले खड्डे पडले. छर्रा त्याच खड्ड्यात जाऊन बसते. सगळं खोलून नवं टाका लागते."

"तुझ्याच्यानं होईल?" गुणवंतरावांनी विचारलं, आणि विचारताना ते मुखरूकडे नाही, पत्रूकडे पाहत होते.

"इथीच करू जी, तुमच्या अंगणात. सामान मात्र नागपूरचं पाह्यजे."

"आणवतो. हे नीट झालं तर आजपासून फटफटी तुझ्या हवाली. मुखरू, तू फाळ-कुऱ्हाडी पाहा बाबा."

त्यातच दुसरं एक होतं, ते मुखरूशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हँडल कुरकुरतं म्हणून गुणवंतरावांनी तक्रार केली, तेव्हा मुखरूने मानेचा वरचा नट सैल करून आत वंगण कोंबलं होतं. कोणतं वंगण? बैलगाडीचं. एरंडीच्या तेलात जळक्या तणसाची राख कालवलेलं. साऱ्या मुलखाच्या गाड्यांचे आस त्यावर चालतात, तर फटफटीच्या मानेने काय पाप केलं होतं? महिनाभर हँडल लोण्यासारखं फिरलं आणि गुणवंतरावांनी पाठ थोपटली. पण राख ती राख. मनकर्णा रोज राखेनेच तांब्या घासून लख्ख करत होती, तरी ही गोष्ट मुखरूच्या डोक्यात आली नाही. आज पत्रूच्या तोंडून खड्डे ऐकले आणि लख्खकन डोक्यात आली.

आता मान उघडणार, आणि आत त्याचा पराक्रम निघणार. सहा वर्षांचं नाव एका दुपारी मातीत जाणार, तेही साळ्याच्या हातून.

आठवड्याने टालाच्या लॉरीतून सामान आलं. दोन वाट्यांचा जोड आणि पुडीत मोजून अठ्ठेचाळीस छर्रे. त्या सकाळी मुखरू भट्टी पेटती सोडून गुणवंतरावांच्या अंगणात जाऊन बसला. कोणी बोलावलं नव्हतं.

पत्रूने दिवा काढला, हँडल काढून तारांसकट टाकीवर झोपवलं, खाली जुनं लुगडं अंथरलं आणि मानेचा नट फिरवत चिमटा हळूहळू खाली सोडला. झिजलेले छर्रे टपटप लुगड्यावर पडले. त्यांच्यामागून काळा चिकट गोळा पडला. पत्रूने तो बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला. एरंडीचा वास लपतो थोडाच? त्याने मान वर करून मुखरूकडे पाहिलं. एकदाच.

"हे काळं काय आहे?" गुणवंतरावांनी विचारलं.

"जुनं ग्रीस जी," पत्रू चिंधीने बोट पुसत म्हणाला. "सडकेचा फुफाटा बसते त्यात. लढाईतली गाडी आहे, असं होतेच."

वाचला. दुसऱ्या कोणाला हायसं वाटलं असतं. मुखरूचा मात्र जळफळाट झाला. याने मला झाकलं! कालचं पोर, मला झाकतं! पत्रू ओरडून सांगता तर भांडता आलं असतं, खोटं म्हणता आलं असतं. आता काय करायचं? हुशारीत तो वरचढ होताच, आता चांगुलपणातही वर जाऊन बसला. मुखरूला तो इतका कधीच नकोसा वाटला नव्हता.

खालची वाटी गंजून बसली होती. पत्रूने म्हटलं, "भाऊजी, वाकड्या टोकाचा एक सुंबा करून देता का? त्यानं आतून ठोकली का निघते."

"भट्टी थंडी आहे माही," मुखरू म्हणाला.

नेमकी त्याच वेळी मनकर्णा भावाचं जेवण घेऊन फाटकात आली होती. भट्टी तर तिने येता येता पाहिली होती, निखारे लाल होते. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि डबा पत्रूपाशी ठेवला. डबा एकच होता. मुखरूने तेही पाहून घेतलं. पत्रूने लॉरीचा एक जुना बोल्ट शोधला, अर्धा तास खटपट केली आणि वाटी काढली.

नव्या वाट्या लाकडाच्या ठोकळ्यावरून सारख्या ठोकून बसल्या. पत्रूने गुणवंतरावांच्या घरचं काशाचं ताट मागून घेतलं, पुडी त्यात सोडली आणि गंड्यागंड्याने, चार-चार करून मोजलं. एका वाटीला सहा गंडे, दोन वाट्यांना बारा. बरोबर अठ्ठेचाळीस. मग तो डबा घेऊन ओट्याच्या पलीकडे जेवायला बसला. मनकर्णा त्याला वाढत होती. गुणवंतराव आत गेले.

ताट मुखरूच्या गुडघ्यापाशी होतं. छर्रे उन्हात चमकत होते. पलीकडून मनकर्णाचा आवाज आला, "अजून घे ना बापू, कितीसा खाल्ला." मुखरूने एक छर्रा उचलला. कंबरेची तंबाखूची डबी काढली, चुन्याच्या बाजूचं झाकण उघडलं, छर्रा ओल्या चुन्यात दाबला आणि झाकण लावलं. हे त्याने ठरवून केलं असं नाही. पण परत ताटात ठेवला असंही नाही.

पत्रू आला, वाट्यांत ग्रीस भरलं, एकेक छर्रा ग्रीसमध्ये रोवत गेला. खालची वाटी भरली. वरच्या वाटीत पाच गंडे आणि तीन झाले. ताट रिकामं.

"एक कमी आहे," पत्रू म्हणाला.

"एकानं काय होते?" मुखरूने अगदी साळसूदपणे विचारलं.

"एक कमी असला तं चाललं असतं, भाऊजी. पण तो गेला कुठी? मानेच्या नळीत पडला असन अन् मी नट आवळला, तं सडकेवर हँडल जाम होईन. माणूस मरते. छर्रा दिसल्याबिगर मी नट नाई आवळत."

त्याने सगळं पुन्हा काढलं. ग्रीस पुसलं, छर्रे घासलेटात धुतले, मोजले. सत्तेचाळीस. नळीत बोट घातलं, काडी घातली, उलटा होऊन आत पाहिलं. पुन्हा मोजले. सत्तेचाळीस. गुणवंतराव बाहेर आले, आणि त्यांचा आवाज बदलला.

"पुडी तुझ्याच हातात होती ना रे?"

"हो जी. अठ्ठेचाळीस होते, म्याच मोजले."

"मग? फौजेत असंच काम करत होतास? हे पाहा, चार वाजता लॉरी नागपूरला निघते. तोपर्यंत झालं तर ठीक, नाही तर गाडी लॉरीत चढेल, आणि पुन्हा तू तिला हात लावायचा नाही."

पत्रूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गावात दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं, आणि आज फाटकापाशी दहा-बारा लोक जमून त्याला पाहत होते. मुखरूला तर हेच हवं होतं. मागितलं तसं मिळालं होतं. त्याने पाय पसरले आणि गोड लागेल या आशेने ते सुख जिभेवर घोळवलं. लागलं बरं, नाही असं नाही.

मनकर्णाने पदर कंबरेला खोचला. घरात जाऊन सूप मागून आणलं आणि फटफटीच्या चाकापासून अंगणातली माती ओंजळीने सुपात भरून पाखडायला लागली. भर दुपारची वेळ. माती भरायची, पाखडायची, खडे बोटांनी चाळायचे, बाजूला ढीग लावायचा, गुडघ्यांवर हातभर पुढे सरकायचं. धूळ तिच्या केसांवर बसली, घामावर बसली. पाहणारी माणसं कंटाळून निघून गेली. ती सरकत राहिली.

मुखरूचं सुख तिथेच नासलं. भावासाठी अंगण पाखडते! आख्खं अंगण! माझं काय हरवलं असतं तर हिने वाकून तरी पाहिलं असतं का? कधी शोधलं हिने माझं काही?

हे त्याने मनात विचारलं, आणि उत्तर येईल अशी त्याची मुळीच अपेक्षा नव्हती.

लग्नाचं पहिलं वर्ष होतं. ऐरणीवरून लोखंडाचा कीस उडाला आणि त्याच्या उजव्या डोळ्यात रुतला. डोळा जातो म्हणून तो गुरासारखा ओरडत होता. मनकर्णा तेव्हा पोरसवदा, सासरी कोणासमोर मान वर करत नव्हती. तिने त्याला अंगणात उताणं निजवलं, सासूसासऱ्यांदेखत, शेजाऱ्यांदेखत त्याची पापणी उचलली आणि जिभेच्या टोकाने डोळाभर शोधत तो कीस काढला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिला पुढे महिनाभर त्यावरून चिडवलं. तिने कधी उलट बोलून दाखवलं नाही. त्याच डोळ्याने तो आज तिच्याकडे पाहत बसला होता.

"अजी," मनकर्णा मान न उचलता म्हणाली, "बसले आहात तं इकडचं पाहा ना जरा. पोराची इज्जत चालली."

मुखरू उठला. तिच्या शेजारी जाऊन उकिडवा बसला. तंबाखू काढल्याचं मिष करून डबी उघडली, बोटाने चुना उकरला आणि छर्रा तिच्या पुढच्या न पाखडलेल्या मातीत सोडून दिला. धुळीत लोळला की चुना निघेल असा त्याचा हिशेब. लोहाराला एवढं कळू नये? ओला चुना धूळ धरून आणखी घट्ट बसला.

पुढच्या ओंजळीत तो सुपात आला. मनकर्णाने सूप झटकलं, बाकी माती उडाली, पांढरा गोळा तळाशी गडगडला. तिने तो उचलला. बोटाला चुना लागला. तिने बोटाकडे पाहिलं, मग मुखरूच्या हातातल्या उघड्या डबीकडे पाहिलं. चुन्यात गोल खड्डा पडला होता.

पत्रू फटफटीमागून उठला. "सापडला का, बाई?"

मनकर्णाने छर्रा तोंडात टाकला. डोळे मिटले. गालात तो फिरताना मुखरूला दिसला, एकदा, दोनदा, तीनदा. चिमूटभर चुना जास्त पडला तर तंबाखूतही जीभ फाटते, आणि हा तर नुसता. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. मग तिने छर्रा तळहातावर काढला, पदराने पुसला. चकचकीत, पुडीतून आत्ताच काढला असावा असा.

"घे," ती म्हणाली. बोलताना जीभ जड झाली होती. "दगडाच्या फटीत होता. मातीनं भरला होता, म्हणून चोखला."

"लहानपणी माही बोरं अशीच पुसून द्यायची तू," पत्रू हसून म्हणाला आणि छर्रा घेऊन गेला.

चाराच्या आत काम झालं. पत्रूने नट हळूहळू आवळला, मध्ये मध्ये चिमटा हलवून पाहिला. खटखट गेली होती. बोटाने लोटलं की हँडल आपल्या वजनाने अलगद एका बाजूला पडत होतं, मध्ये कुठे अडत नव्हतं. गुणवंतराव मार्कंड्याच्या वाटेने दूरवर फेरी मारून आले आणि फाटकातूनच ओरडले, "अरे, नवी झाली!"

"साहेब," मुखरू मध्येच म्हणाला. "ते काळं जे निघालं ना, ते ग्रीस नव्हतं. गाडीचं वंगण होतं. दोन सालाखाली म्याच भरलं. वाट्या त्याच्यानंच गेल्या."

गुणवंतरावांनी फटफटी बंद करून स्टँडवर लावली. पत्रूने मान खाली घातली आणि पाने एकेक करून आपल्या कप्प्यात ठेवायला लागला. मुखरूने मनकर्णाकडे पाहिलं. एवढं कबूल केलं, आता ती पाहील, असं त्याला वाटलं. ती सूप झटकून परत द्यायला आत गेली होती.

दिवेलागणीला तिघं घरी जेवायला बसली. पत्रूने येताना मरळ आणली होती. मनकर्णाने रस्सा केला. आज तिने तळहातावर थेंब घेतला नाही, डोळ्यांच्या अंदाजाने मीठ टाकलं. वाढायला बसली तेव्हा मधले जाड तुकडे उचलून तिने मुखरूच्या ताटात ठेवले, चारही. शेपटी पत्रूला गेली. स्वतःसाठी तिने नुसती थंड पेज घेतली, आणि तीही घोट घोट, गालाच्या एका बाजूने.

पत्रूने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बाई, मीठ किती टाकलं वं? खारट धोंडा झाला. तू मीठ पाह्यलं नाई का आज?"

मनकर्णाने वाटी खाली ठेवली. तिने उत्तर द्यायच्या आधीच मुखरू बोलला.

"बरोबर आहे मीठ," तो म्हणाला.

आणि त्याने चारही तुकडे खाल्ले. ताटातला रस्सा बोटांनी निपटून खाल्ला, मग पातेलं जवळ ओढून उरलेलाही वाढून घेतला. मनकर्णा पाहत होती की नाही, हे पाहायला त्याने मान वर केली नाही.